वाळूपट्ट्यातला सरपंच

परभणी जिल्ह्यात कोळसा निघत नाही, लोखंडाचे खनिजही निघत नाही. जमिनीखाली काळा बेसॉल्ट आणि वर कापूस-सोयाबीनची काळी माती, अशी बहुतेक जिल्ह्याची रचना आहे. तरीही खाणकाम इथल्या गावांच्या राजकारणात खोलवर मुरलेले आहे, कारण परभणीची खाण डोंगरात नसून नदीच्या पात्रात आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांची वाळू हे जिल्ह्याचे सर्वांत किमती खनिज. पाथरीपासून सोनपेठ, गंगाखेड, पालम करत पूर्णा तालुक्यापर्यंत गोदावरीच्या दोन्ही थड्यांवर गावांची माळ आहे. या गावांचे सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य हे खाणवस्तीचे लोकप्रतिनिधी ठरतात, मग त्यांना स्वतःला तसे वाटो वा न वाटो.

या लोकप्रतिनिधीची पहिली अडचण मालकीची आहे. नदी गावच्या शिवारातून वाहते, गावाच्या नावाने वाळूगट, म्हणजे लिलावासाठी आखलेला पात्राचा तुकडा, ओळखला जातो, पण वाळू गावाची नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार नदीचे पात्र शासनाचे. खाणी आणि खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ च्या कलम १५ ने गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आणि वाळू हे गौण खनिज आहे. त्यामुळे गट ठरवणे, त्याचा लिलाव करणे, ताबा देणे आणि दंड आकारणे ही सगळी कामे जिल्हाधिकारी, जिल्हा खनिकर्म अधिकारी, तहसीलदार या महसुली साखळीकडे आहेत. ग्रामपंचायत या साखळीत नाही. तिचा कायदा वेगळा (१९५८ चा), तिची वरिष्ठ कार्यालये वेगळी. सरपंचाच्या वरती पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. वाळूची सत्ता तहसील कार्यालयात. गावकऱ्याला मात्र हा फरक ठाऊक नसतो. रात्री नदीत दिवे दिसले की तो सरपंचालाच विचारतो.

आदिवासी भागात चित्र निराळे आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या पट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा पंचायतीची पूर्वशिफारस बंधनकारक केली. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातली गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. परभणीत असे क्षेत्रच नाही. इथे ग्रामसभेचे मत राज्य सरकारच्या वाळू धोरणातून विचारले जाते, आणि ही धोरणे भराभर बदलली आहेत. २०१८ मध्ये एक आले, २०१९ मध्ये दुसरे, पुढे २०२३ आणि २०२५ मध्येही नवी आली. एका पंचवार्षिकात सरपंचाला दोन-तीन वेगवेगळे नियम शिकावे लागतात. जुना समजेपर्यंत नवा हाती पडतो.

सरपंचाच्या वर्षाचा ताल पावसाळ्यावर ठरतो. १० जून ते ३० सप्टेंबर या काळात पात्रातून वाळू काढायला बंदी असते. पूर ओसरला की महसूल व भूजल खात्याची माणसे पाहणीला येतात, किती वाळू साचली ते मोजतात, कोणता गट लिलावाला काढता येईल ते ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. तेव्हापासून ही प्रक्रिया लांबली. मंजुरी, मग ऑनलाइन लिलाव, मग ताबा, यात हिवाळा उलटतो. ठेकेदाराच्या हाती उन्हाळ्याचे दोन-तीन महिने उरतात आणि त्या महिन्यांत त्याला लिलावाची सगळी रक्कम वसूल करायची असते. नदीवरची घाई इथून सुरू होते. लिलाव झालाच नाही, तर बांधकामाला वाळू लागतच राहते आणि ती रात्री निघते. कायदेशीर उपसा लांबला की बेकायदेशीर उपसा वाढतो, हे गोदाकाठच्या कोणत्याही सरपंचाला कागद न वाचता माहीत असते.

ग्रामसभेचा ठराव हा सरपंचाच्या हातातला एकमेव खरा कागद. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या चार दिवसांच्या आसपास ग्रामसभा भरवण्याचा रिवाज आहे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. वाळूगटाचा विषय असला की सभा एरवीपेक्षा जास्त भरते आणि बोलणारे आधीच ठरलेले असतात. एक बाजू म्हणते, गट निघू द्या, रस्ता होईल, पोरांना काम लागेल. दुसरी म्हणते, विहिरी आटतील. तिसरी बाजू काही बोलत नाही, कारण तिचा ट्रॅक्टर रात्री नदीत असतो. ठराव मंजूर झाला तर ‘सरपंचाने नदी विकली’ आणि नामंजूर झाला तर ‘सरपंचाने गावाचा पैसा घालवला’ असे बोलले जाते. नामंजूर ठरावाने उपसा थांबेल याची हमीही कुणी देत नाही.

या ट्रॅक्टरवाल्यांचा विचार केल्याशिवाय वाळूपट्ट्यातले राजकारण कळत नाही. कोरडवाहू शेती, दोन-चार एकर जमीन, दहावी-बारावी झालेला मुलगा आणि बँकेच्या किंवा फायनान्सच्या कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर, असे घर या गावांत सर्रास आढळते. नांगरणी-पेरणीचे भाडे वर्षातून काही आठवडे मिळते. हप्ता दर महिन्याला येतो. वाळूच्या काही खेपा तो हप्ता सोडवतात. ट्रॉलीत साधारण एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट वाळू मावते. हा मुलगा माफिया नसतो. तो सरपंचाच्या भावकीतला असतो, निवडणुकीत त्याच्याच गाडीतून मतदार आणलेले असतात. मोठे हायवा (डंपर) आणि पोकलेन (उत्खनन यंत्रे) बाहेरच्यांचे, ट्रॅक्टर गावचे; आणि महसूल खात्याचे पथक येते तेव्हा बहुतेक वेळा ट्रॅक्टरच सापडतो. मग सुटकेसाठी पहिला फोन सरपंचाला जातो. तो फोन उचलला तर कायद्याशी द्रोह, न उचलला तर पुढच्या निवडणुकीत पॅनेल फुटते. पैशाच्या मोहापेक्षा हा पेच अधिक सरपंचांना बुडवतो.

दंडही हलका नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बेकायदा काढलेल्या गौण खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहन जप्त करता येते. २०१८ पासून ते सोडवायला ट्रॅक्टरला १ लाख, ट्रक किंवा डंपरला २ लाख आणि उत्खनन यंत्राला साडेसात लाख रुपये भरावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की वाळूचोरीवर खनिज कायद्याबरोबर चोरीचा गुन्हाही लावता येतो. २०१५ मध्ये महाराष्ट्राने एमपीडीए कायद्यात ‘वाळू तस्कर’ हा प्रकार घातला. त्यामुळे सराईत तस्कराला स्थानबद्ध करण्याची सोय झाली. कायद्याचे हत्यार पुरेसे धारदार आहे. पण पथक तहसीलमधून निघायच्या आत त्याचे ‘लोकेशन’ नदीवर पोहोचलेले असते. तहसीलदारांच्या गाडीवर पाळत ठेवणारी पोरे चहाच्या टपरीवर बसून असतात, आणि हा आता वेगळा रोजगार झाला आहे.

गोदावरीवर अलीकडे आणखी एक गोष्ट घडली. ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस या ठिकाणी उच्च पातळी बंधारे बांधले गेले. पाणी अडले, शेतीला मोठा आधार मिळाला, आणि वाळूचे कित्येक पट्टे पाण्याखाली गेले. मग वाळू काढायची रीत बदलली. तराफे आले, सक्शन पंप आले. पात्रातल्या पाण्यातून वाळू ओढणे हे नियमात बसत नाही. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उपशाची खोली तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे कमी असेल तेवढीच ठेवायला सांगितले आहे. म्हणून महसूल आणि पोलिसांची पथके तराफे पकडून जागीच नष्ट करतात. काही दिवसांनी नवे तराफे बांधले जातात. त्यांवर राबणारे मजूर बरेचदा परराज्यांतले असतात. त्यांची नावे गावच्या मतदार यादीत नसतात, रेशनकार्डावर नसतात, एखादा बुडून मेला तर पंचनाम्यात लिहायला पत्ताही चटकन सापडत नाही.

जगातल्या नावाजलेल्या खाणवस्त्यांपेक्षा परभणीची गोष्ट इथेच वेगळी पडते. दक्षिण वेल्समधल्या ट्रेडेगार या कोळशाच्या गावात १८९७ मध्ये जन्मलेला अन्यूरिन बेव्हन तेराव्या वर्षी खाणीत उतरला आणि १९२२ मध्ये गावच्या परिषदेवर निवडून आला. त्या गावात कामगारांच्या वर्गणीतून चालणारी वैद्यकीय साहाय्य संस्था होती. पुढे आरोग्यमंत्री झाल्यावर त्याने ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा त्याच्यापुढे या संस्थेचा नमुना होता. तिथे खाणकामगार हेच मतदार होते, त्यांची युनियन होती, आणि परिषदेतला सदस्य त्यांच्यातूनच वर आला होता. गोदाकाठी मजूर बाहेरचा, ठेकेदार बाहेरचा, खाण दर पावसाळ्यात जागा बदलणारी. युनियन बांधायला कुणी एका जागी थांबतच नाही. गावात मागे राहतात ते खड्डे, उखडलेला रस्ता आणि ग्रामपंचायत.

रस्त्याची तक्रार सर्वांत आधी येते. काळ्या मातीवरचे गावरस्ते बैलगाडी, एसटी आणि ट्रॅक्टर धरून बांधलेले असतात. पाच-सहा ब्रास वाळू भरलेला हायवा रात्रभर त्यावरून धावला की पहिल्या पावसात रस्ता मातीला मिळतो. ग्रामपंचायतीकडे तो दुरुस्त करण्याइतका पैसा नसतो. घरपट्टी-पाणीपट्टी अर्धीमुर्धी वसूल होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतला ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेला. उरलेल्या ४० टक्क्यांत अंगणवाडीपासून दिवाबत्तीपर्यंत सगळे भागवायचे. २०१८ च्या वाळू धोरणाने लिलावाच्या रकमेतला २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा ग्रामपंचायतीला देण्याचे ठरवले, ते याच कारणाने महत्त्वाचे होते. शिवाय जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. राज्यात त्याचे नियम २०१६ मध्ये झाले आणि खाणबाधित भागातल्या पाणी, आरोग्य, शिक्षणावर तो खर्च व्हावा असा हेतू आहे. चंद्रपूर-नागपूरसारख्या कोळशाच्या जिल्ह्यांत ही रक्कम डोळ्यांत भरते. वाळू-मुरूम-खडीवर चालणाऱ्या परभणीत ती त्यामानाने तुटपुंजीच. आणि ज्या गटाचा लिलाव न होताच उपसा झाला, त्यातून शासनाला स्वामित्वधन मिळत नाही की गावाला हिस्सा.

पाण्याचा प्रश्न उशिरा कळतो, पण जास्त काळ छळतो. वाळू पाणी साठवते. पूर ओसरल्यावर वाळूच्या थरात मुरलेले पाणी उन्हाळ्यात काठच्या विहिरींना झिरपत राहते आणि झिरपताना गाळलेही जाते. कित्येक गावांच्या नळयोजनेची विहीर म्हणूनच पात्रात किंवा काठावर घेतलेली असते. वाळूचा थर उपसला की खाली चिकणमाती किंवा खडक उघडा पडतो. पात्र खोल जाते, तसतशी आजूबाजूच्या भूजलाची पातळीही खाली सरकते. एप्रिलमध्ये विहीर उघडी पडते आणि टँकरच्या मागणीचा प्रस्ताव ज्या सरपंचाच्या सहीने जातो, त्याच्याच सहीचा वाळूगटाचा ठराव वर्षभरापूर्वी गेलेला असतो. वरच्या अंगाला जायकवाडीसारखे मोठे धरण १९७६ पासून असल्याने नवी वाळू पूर्वीइतकी वाहून येत नाही. पूर आला की नदी पुन्हा भरते, हा जुना भरवसा आता धरून चालत नाही.

गोदावरीला इथले लोक गंगा म्हणतात; गंगाखेडच्या नावातच ती आहे आणि तिथल्या काठावर पर्वणीला स्नानाची गर्दी होते. अशा घाटांजवळच्या आणि स्मशानभूमीजवळच्या खड्ड्यांत पोहायला उतरलेली मुले बुडण्याचा धोका मोठा असतो. पाणी वरून सपाट दिसते, खाली उपशाने डोह झालेला असतो. सरपंचाला त्या घरी जावे लागते. अशा वेळी ‘हा विषय महसूल खात्याचा आहे’ हे वाक्य कायद्याने बरोबर असूनही तोंडातून निघत नाही.

या सगळ्याचा मोबदला सांगण्यासारखा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मानधन दुप्पट केले. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाला महिन्याला ६,००० रुपये, आठ हजारांपर्यंत ८,००० आणि त्यापुढे १०,००० रुपये मिळतात. उपसरपंचाला अनुक्रमे २,०००, ३,००० आणि ४,०००. साध्या सदस्याला बैठकीचा भत्ता तेवढा. वाळूच्या मोजक्या खेपांत जेवढी उलाढाल होते, तेवढ्या पैशात वर्षभर प्रामाणिक राहण्याची अपेक्षा गावाच्या प्रमुखाकडून केली जाते. सगळेच मोहात पडतात असे नाही. पण प्रामाणिक राहणाऱ्याची व्यवस्थेने काही विशेष सोय केलेली नाही, एवढे म्हणावेच लागते.

सुरक्षेची तर अजिबात नाही. वाळूची गाडी अडवणाऱ्या तलाठ्यांवर आणि मंडळ अधिकाऱ्यांवर महाराष्ट्रात वारंवार हल्ले झाले आहेत. पण त्यांच्या पाठीशी निदान सरकारी नोकरीचे कवच असते, बदलीचा पर्याय असतो. सरपंचाची बदली होत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून करण्यात आला. ते प्रकरण वाळूचे नव्हते, तपास यंत्रणेने त्याचा संबंध पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी जोडला. तरीही त्यानंतर मराठवाड्यातल्या अनेक सरपंचांच्या घरी ‘तुम्ही कशाला मध्ये पडता’ हा प्रश्न विचारला गेला असेल, तर त्यात नवल नाही.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, सरपंचपदेही. वाळूपट्ट्यात महिला सरपंचाची कसोटी दुहेरी असते. नदीवर रात्री जाणे, तहसीलच्या बैठकीत बोलणे, ठेकेदाराशी भांडणे ही कामे घरातला पुरुष परस्पर करून टाकतो आणि सही तेवढी तिच्याकडे येते. चुकीच्या ठरावाची जबाबदारी मात्र सही करणाऱ्यावरच येते. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली पदावरून काढायची वेळ आली, तर नोटीस तिच्या नावाने निघते. उलट पाण्याचा प्रश्न सर्वांत आधी बायकांना कळतो. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ती खरोखर भरवली, तर वाळूगटाच्या विषयावर मुख्य सभेपेक्षा तिथली चर्चा अधिक मोकळी होऊ शकते.

आता एका सर्वस्वी वेगळ्या गिऱ्हाइकाची बाजू. घरकुल मंजूर झालेल्या माणसाला प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. गाव नदीकाठी असूनही त्याला वाळू चोरबाजारातून घ्यावी लागते आणि अनुदानाचा मोठा लचका तिथेच तुटतो. सरपंचाच्या दारात रोज येणारा माणूस हाच. २०२३ च्या धोरणाने शासनाच्या डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याची घोषणा केली. कल्पना चांगली होती, पण डेपो, वाहतूक आणि ऑनलाइन नोंदणी यांच्या गोंधळात ती अडकली. २०२५ च्या धोरणात डेपो मागे पडून पुन्हा लिलाव आले. एका उपविभागातल्या गटांचा एकत्र, दोन वर्षांसाठी लिलाव करायचा आणि प्रत्येक गटातली १० टक्के वाळू घरकुलांसाठी राखायची, लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत मोफत द्यायची, असे त्यात आहे. दगड भरडून केलेल्या कृत्रिम वाळूला, म्हणजे एम-सँडला, उत्तेजन देण्यासाठी तिचे स्वामित्वधन ब्रासमागे ६०० वरून २०० रुपये करण्यात आले. बेसॉल्टची कमतरता परभणीत नाही, तेव्हा नदीवरचा ताण पुढे कमी होऊ शकतो. मग खडीकेंद्राची धूळ आणि सुरुंगाचे हादरे हा नवा विषय ग्रामसभेपुढे येईल.

सरपंचाला प्रत्यक्ष करता येण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, पण शून्य नाहीत. वाळू धोरणांत गावपातळीवरची दक्षता समिती सांगितलेली असते आणि तिच्यात सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील एकत्र बसतात. या समितीची बैठक झाली, इतिवृत्त लिहिले गेले आणि तहसीलला पोहोच घेऊन दिले, तर पुढे ‘आम्हाला कुणी कळवलेच नाही’ असे म्हणता येत नाही. गटाच्या हद्दीचे खांब कुठे रोवले, किती खोल उपसा मंजूर आहे, पूल आणि पाणीपुरवठ्याची विहीर किती अंतरावर आहे, हे मंजुरीच्या कागदात लिहिलेले असते. त्याची प्रत मागून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येते. ठराव घालताना विहिरीच्या पाण्याची पातळी आणि रस्त्याची स्थिती नोंदवून ठेवली, तर भरपाईची मागणी पुराव्यानिशी करता येते. हे सगळे कारकुनी काम आहे, पण वाळूच्या धंद्याला घोषणेपेक्षा पोहोच घेतलेल्या कागदाचा जाच जास्त होतो.

एवढ्यावर मात्र जबाबदारी सरपंचावर टाकून सुटता येणार नाही. ज्याच्या हाती ना मालकी, ना पथक, ना दंडाचा अधिकार, त्याला उपशाबद्दल जाब विचारायचा असेल तर पेसा क्षेत्राप्रमाणे गोदाकाठच्या ग्रामसभेचा नकारही बंधनकारक करायला हवा. तोवर वाचकांपैकी ज्यांचे गाव गोदावरी, पूर्णा किंवा दुधनेच्या काठी आहे त्यांनी एक करावे. वाळूगटाचा विषय पत्रिकेवर असेल त्या ग्रामसभेला जावे, ठराव वाचून दाखवल्याशिवाय हजेरीच्या वहीवर सही करू नये आणि इतिवृत्ताची प्रत मागून घ्यावी.